हॅलोविनला टेरेसवर काय वाजवायचं: ऑर्गन, थ्रिलर की महल?

सांगलीत विश्रामबागेकडच्या सोसायट्यांतनं पण आता पोरं हॅलोविन करायला लागलीत, तोंडाला पावडर फासायची, आईच्या काळ्या ओढणीचा झगा करायचा, आणि मग कमिटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं की म्युझिकचं काय. लगेच यूट्यूबवरची दहा तासांची हॉरर म्युझिकची लिंक पडते, तिच्यावर चार अंगठे, विषय संपला. ती लिंक सोडून काय काय आहे आणि कुठलं कुठं चालतं ते लिहितोय. कारण सगळे गाणं किती भयानक आहे तेवढंच बघतात, पण ते कशावर वाजणार, उघड्यावर की हॉलमध्ये, आणि समोर बसलंय कोण हे कुणी बघतच नाही, आणि खरा फरक तिथंच पडतो.

पहिलं नाव येतं ऑर्गनचं, म्हणजे चर्चमधला तो मोठा पाइपांचा. बाख या जर्मन संगीतकाराचं टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर, नाव माहीत नसलं तरी सुरुवातीचा तो तुकडा सगळ्यांनी कुठंतरी ऐकलेला असतो. मुळात याचा भुताशी काही संबंध नाही, साधं ऑर्गनचं म्युझिक, पण १९३१ च्या डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइडच्या टायटलला ते वाजलं, मग बाकीच्या सिनेमांनी पण उचललं आणि ते पडक्या वाड्याचंच होऊन बसलं. अडचण अशी की ऑर्गनची दहशत असते पायानं वाजवायच्या खालच्या सुरांत, ते पार ३०-३५ हर्ट्झपर्यंत उतरतात, आणि आपला हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर शंभरच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. त्यात टेरेसवर आवाज घुमायला भिंती नाहीत. मग उरते ती जत्रेतली पिपाणी. बंद हॉल आणि ओळखीचा डॉल्बीवाला असेल तर खुशाल बाख लावा, तिथं मात्र पोटात गोळा येतो.

बारक्या स्पीकरवर त्यापेक्षा डान्स मकाब्र लई भारी जातं. सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराचं, १८७४ चं, सातेक मिनिटांचं. गोष्ट अशी आहे की मध्यरात्री मरण व्हायोलिन घेऊन येतं, सांगाडे थडग्यातनं उठून नाचतात आणि कोंबडा आरवला की गुमान परत आत जाऊन झोपतात. बाराचे ठोके हार्पवर, हाडांची खडखड झायलोफोनच्या लाकडी पट्ट्यांवर, कोंबडा ओबो या सनईसारख्या वाद्यावर, यातलं बरंचसं वरच्या सुरांतलं असल्यामुळं छोट्या स्पीकरवरनं पण नीट पोचतं. आणि त्यातला डाव बघा, व्हायोलिनची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्धा सूर उतरवलेली आहे, त्यामुळं शेजारच्या तारेला सा धरला तर ही पंचमावर बसायच्या ऐवजी तीव्र मध्यमावर बसते. घरात पेटी असेल तर सा आणि तीव्र म एकदम दाबून बघा, कसं अंगावर येतं ते. लहान पोरं असतील तर आधी गोष्ट सांगायची आणि मगच लावायचं, मग ती कोंबड्याची वाट बघत शेवटपर्यंत बसतात, नाहीतर दोन मिनिटांत भडंगाच्या ताटाकडं पळतात.

नॉर्वेच्या ग्रीगचं इन द हॉल ऑफ द माउंटन किंग हे अडीच मिनिटांचं काम, दबकत सुरू होतं आणि वेग वाढत वाढत शेवटी नुसता दंगा. संगीत खुर्चीला लावा, बास.

इंग्लिश पार्टी गाण्यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. मायकल जॅक्सनचं थ्रिलर १९८२ चं, त्याच्या शेवटी हॉरर सिनेमांतल्या व्हिन्सेंट प्राइस या नटाचं ते हसू आहे ना तेवढं भीतीचं, बाकी सगळा बेस आणि नाच, आणि त्यासाठीच ते लावायचं. घोस्टबस्टर्स पण तसंच, ओरडायला बरं. १९६२ चं मॉन्स्टर मॅश अमेरिकेत प्रत्येक हॅलोविनला वाजतं पण आपल्याकडं ते कुणाच्या ओळखीचंच नाही, लावलं तर लोक विचारतात हे काय लावलंय.

आता खरं सांगू का, आजी-काकूंपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत मिक्स पब्लिक असेल तर जुन्या हिंदीला तोड नाही. १९४९ चा महल, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, आयेगा आनेवाला. सुरुवातीला तालच नाही, नुसता आवाज कुठनं तरी लांबनं येतोय आणि हळूहळू जवळ येतोय असं वाटतं, ताल सुरू व्हायच्या आधीच माणूस एकदा मागं वळून बघतो. तेव्हाच्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव कामिनी असं छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं, लतादीदींचं नाव त्यावर नव्हतंच (यापेक्षा भुताटकी अजून काय पाहिजे राव). मग हेमंतकुमारांच्या चालीचं कहीं दीप जले कहीं दिल, बीस साल बाद मधलं, १९६२ चं. ऑर्गन लागला तर काकू लोकांच्या गप्पा चालूच राहतात, पण ही दोन लागली की आपोआप थांबतात, कारण हे सिनेमे त्यांनी रात्री दूरदर्शनवर गोधडीत तोंड खुपसून बघितलेत. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना मात्र ही नुसती आजीची गाणी वाटतात, त्यांच्यासाठी मधे एकदा भूलभुलैयाचं मेरे ढोलना टाका, ते त्यांना पाठ असतं.

मराठी हवं असेल तर १९७६ च्या हा खेळ सावल्यांचा मधलं काजळरातीनं ओढून नेला. हृदयनाथांची चाल आणि आशाताईंचा आवाज, आणि आशाताई तर जन्मानं सांगलीच्याच, त्यामुळं कमिटीत हे परदेशी फॅड कशाला म्हणून बसलेले जे काका असतात त्यांना गप्प करायला पण कामाला येतं. त्याच सिनेमातलं रात्रीस खेळ चाले पोरांना मालिकेच्या नावामुळं तरी माहीत असतं.

माझा लाडका पर्याय वेगळाच आहे, शास्त्रीयवाले चिडतील पण असू दे. राग मारवा. पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गाणारा षड्जावर, म्हणजे सा वर, लवकर येतच नाही, त्यामुळं ऐकणाऱ्याला बसायला जागाच मिळत नाही. वेळ पण सूर्यास्ताची, म्हणजे पोरं मेकअप करून जिन्यानं वर येतात बरोबर तेव्हाची. शेजारी मिरजेत तानपुरे बनतात, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं, ओळखीनं कुणी तानपुरा घेऊन आलं तर उत्तमच, नाहीतर मोबाइलच्या ॲपवर पंचमाच्या जागी निषाद लावून नुसता चालू ठेवा. यावर कुणी दचकणार नाही, पण कुणी निवांत पण बसणार नाही. मागं वाजायला याच्याइतकं चांगलं मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही.

राहिली ती दहा तासांची लिंक. लांडगे, गडगडाट, दार करकरतंय, बाईची किंकाळी, परत लांडगे. पाच मिनिटांत कान मरतो, मग कितीही किंचाळू दे. शिवाय मधेच गुटखा नाहीतर लोनची जाहिरात. आवाजच पाहिजेत तर लांडगा कशाला, आपल्याकडं टिटवी आहे, उसातली कोल्हेकुई आहे, गावाकडं कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवेल, आणि तो आवाज एकदाच, सगळे गप्प असताना सोडायचा.

मला विचाराल तर साध्या स्पीकरवर, टेरेसवर, असा क्रम लावेन: लोक येईपर्यंत मारवा, मग पोरांना गोष्ट आणि डान्स मकाब्र, खुर्चीला ग्रीग, जेवणं झाल्यावर लाइट बंद करून महल आणि काजळरातीनं, आणि शेवटी थ्रिलरवर नाच. सगळं दहाच्या आत उरका, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळं बाराला येणारं भूत आपल्याला साडेनऊलाच आणावं लागतं. गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा, शफल आणि ऑटोप्ले दोन्ही बंद करा, आणि ज्याचा फोन स्पीकरला जोडलाय त्याला सांगा की सायलेंट नको, सरळ फ्लाइट मोडवर टाक, कारण अंधारात महल रंगात आलेला असताना स्पीकरमधनं फोन आला की पुढं काही लावून उपयोग नसतो.