‘वैरणीची गरज नाही’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या कांडीपासून सावध राहा

या कांडीतच, म्हणजे दाबून केलेल्या पशुखाद्याच्या गोळ्यांतच, वैरण दळून घातलेली आहे, त्यामुळे गायींना वेगळी वैरण घालावी लागणार नाही, असे सांगून एका विक्रेत्याने मला ५० किलोची ६० पोती, म्हणजे ३,००० किलो खाद्य, सगळी रक्कम आगाऊ घेऊन विकले. पोत्यावर तंतूंचे प्रमाण १८ टक्के छापलेले होते. छापील आकड्यावर विश्वास ठेवण्याखेरीज खरेदीदाराच्या हाती दुसरे काय असते?

आकडा खरा होता. लबाडी कणांच्या लांबीत होती. कांडी पाडण्यासाठी चारा बारीक दळतात. त्याने तंतूंचे वजन कमी होत नाही, पण गायीला चघळायला लावण्याचा त्यांचा गुण जातो. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते आणि त्यातून सुटणारी लाळच पोटातील आम्ल शमवते.

पहिल्याच दिवशी गव्हाण वीस मिनिटांत रिकामी झाली, तेव्हा विक्रेता शेजारी उभा राहून ‘बघा, किती आवडीने खातात’ म्हणाला. दळून दाबलेले खाद्य गायी झपाट्याने संपवतातच, त्यात आवडीचा पुरावा कसला? भर दुपारी गायी निवांत बसल्या होत्या आणि एकीचाही जबडा हलत नव्हता. लक्षण समोर होते, पण माझे लक्ष रिकाम्या गव्हाणीकडे वळवले गेले होते, आणि हेच आजही सलते. पुढे त्या एक दिवस भरपूर खात, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवत. शेण पातळ झाले, दुधातले फॅट ४.१ टक्क्यांवरून ३.० वर उतरले.

भरड्यातून, म्हणजे जाडसर दळलेल्या खाद्यातून, गाय हवे ते वेचून खाते आणि कांडीत तिला निवड करता येत नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. मात्र ते आंबोणापुरते, म्हणजे वैरणीसोबतच्या पूरक खाद्यापुरते, खरे आहे, वैरणीच्या जागी नव्हे. खरेदीपूर्वी मूठभर कांडी पाण्यात विरघळवून बोटांनी चाचपा. नुसते पीठ हाती लागले तर तिला वैरण समजू नका. पोत्याच्या तळाची भुकटीही तोलून घ्या. माझ्या एका पोत्यात ती ७ किलो निघाली.

तक्रारीनंतर नमुना तपासला गेला, प्रथिने, स्निग्धांश व तंतू छापल्याप्रमाणे भरले आणि प्रकरण बंद झाले. कणांची लांबी मोजा, अशी लेखी विनंती केली, तर ‘तशी तरतूद नाही’ असे उत्तर आले. मिश्र चाऱ्यातील कणांची लांबी पाहण्यासाठी १९, ८ आणि ४ मिलिमीटर छिद्रांच्या चाळण्या मिळतात, त्या हाताने हलवायच्या असतात, प्रयोगशाळाही लागत नाही! दुसऱ्या कार्यालयाने हा खाजगी व्यवहार ठरवला. तिसऱ्याने मला पुन्हा पहिल्याकडे पाठवले. गायीच्या पोटाचे नुकसान कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ते झालेच नाही असे मानायचे काय? पोत्याच्या तळाची भुकटीही तोलून घ्या. माझ्या एका पोत्यात ती ७ किलो निघाली.

उरलेली ३४ पोती विक्रेता परत घेत नाही. आधी लांब वैरण पोटभर घालून मग थोडी कांडी देतो. रवंथ पुन्हा सुरू झाले असून फॅट ३.७ वर आले आहे.