सोलरला जमीन भाड्यानं देणार असाल, तर आधी आमच्या तात्यांचा हिशोब बघा

आधी 2,150. मग 12,500. मग 28,400. शेवटी 77,272. बेरीज 1,20,322 रुपये. आमच्या तात्यांनी हे सगळे पैसे स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मोबाईलवरून पाठवले. आणि प्रत्येक वेळी पावती मागून घेतली!

तात्या म्हणजे माझे चुलते. एसटीत कंडक्टर होते. दिवसाच्या हिशोबात पाच रुपये कमी आले तर घरी येऊन जेवायचे नाहीत, अशी त्यांची ख्याती. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशी बातमी आली की लोक पहिलं वाक्य टाकतात, "हावरटपणा नडला." हावरटपणाचा यात काही संबंध नव्हता. योजना खरी होती, दर खरा होता, जमीनही नेमकी त्या योजनेला हवी तशीच होती. खोटा होता तो फक्त फोनवरचा माणूस.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. माळावर तात्यांची पाच एकर आहे. वीतभर खणलं की मुरूम. कधी हुलगा टाकतात, कधी तोही नाही. महावितरणचं 33/11 केव्हीचं उपकेंद्र तिथून तीन किलोमीटरच्या आत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि 2023 मध्ये तिची 2.0 आवृत्ती आली, तेव्हापासून आमच्याकडच्या पारावर हाच विषय. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, त्यासाठी उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभे करायचे, आणि त्यासाठी पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घ्यायची. भाडं हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये, दर वर्षी त्यात 3 टक्के वाढ. एकरी साधारण 50,000 झाले. हुलग्याच्या माळाला कोण देतं हो एवढे?

तर तात्यांनी फेसबुकवर एक जाहिरात पाहिली. "पडीक जमीन सोलर प्रकल्पासाठी भाड्याने द्या." वर महावितरणचं बोधचिन्ह. खाली फॉर्म: नाव, मोबाईल, गाव, गट नंबर, क्षेत्र, सातबारा आणि आठ-अ चा फोटो. आधारही. भरला.

दुसऱ्याच दिवशी फोन. बोलणारा मुलगा अस्सल मराठी, नम्र, "काका, काका" करणारा. पहिला प्रश्न काय विचारावा त्यानं? "काका, उपकेंद्र किती लांब पडतं?" दुसरा, "जमिनीवर बोजा, म्हणजे कर्ज वगैरे, आहे का?" तिसरा, "सामाईक खातेदार किती?" प्रकल्प उभारणारा खरा विकासकही हेच विचारतो. त्यानंतर व्हॉट्सॲपवर उपग्रहाचा फोटो आला. तात्यांच्या गटाची हद्द पिवळ्या रेषेनं आखलेली, उपकेंद्रापर्यंत लाल रेघ, अंतर लिहिलेलं. गट नंबर हाती असला की शासनाच्याच भूनकाशाच्या संकेतस्थळावरून ही हद्द कोणालाही काढता येते, पण ते पाहून तात्यांचा विश्वास बसला. "माझी विहीरसुद्धा दिसत होती रे त्यात," असं ते अजून सांगतात.

मग 'इरादापत्र'. अशोकस्तंभ, जावक क्रमांक, गोल शिक्का. दोन हेक्टरचं भाडं आणि पहिल्या तीन वर्षांची रक्कम आगाऊ: 2,50,000 अधिक 2,57,500 अधिक 2,65,225, एकूण 7,72,725 रुपये. या आकड्यानं तात्यांना पुरतं जिंकलं. त्यांनी कागदावर गुणाकार करून पाहिला, 3 टक्के वाढ पैशापैशानं जुळली. चोर गोल आकडे सांगतात, आठ लाख, दहा लाख, असा त्यांचा समज. हा चोर शासन निर्णय वाचून आला होता. आमच्या ग्रामसभेत तरी तो किती जणांनी वाचला असेल, देव जाणे.

पत्रात एक गोष्ट मात्र योजनेत नसलेली होती, ती म्हणजे तीन वर्षांचं आगाऊ भाडं. नेमकी हीच गोष्ट गळ होती.

पुढं मागण्यांची रांग लागली. नोंदणी शुल्क 2,150. मग जमीन सर्वेक्षण आणि माती परीक्षण 12,500, त्यासाठी 'टीम' येणार होती, ती पावसामुळं आली नाही, रिपोर्ट मात्र आला. मग करारनाम्याचं मुद्रांक आणि नोंदणी 28,400. क्यूआर कोड स्कॅन केला की दर वेळी कुणा वेगळ्याच माणसाचं नाव दिसायचं. तात्यांनी विचारलं तर उत्तर तयार, "काका, ते आमचे विभागीय लेखापाल." सरकारचा लेखापाल स्वतःच्या बचत खात्यात मुद्रांक शुल्क घेत नाही, हे माझ्यासारख्या कृषी सेवा केंद्रात बसणाऱ्यालाही कळतं. पण मला यातलं काही सांगितलंच नव्हतं. कारण मुलानं बजावलं होतं, "गावात बोलू नका, शेजारचे अर्ज करतील आणि उपकेंद्राची क्षमता संपून जाईल." ही मेख फार बारीक आहे. उपकेंद्राची क्षमता खरंच मर्यादित असते. त्यामुळं गप्प राहण्यात तात्यांना शहाणपण वाटलं.

शेवटची मागणी 77,272 रुपयांची. 7,72,725 वरचा दहा टक्के टीडीएस. "काका, टीडीएस भरल्याशिवाय सिस्टिम पैसे सोडत नाही." सोयाबीनचे आलेले पैसे त्यात गेले.

इथं थोडं थांबून हा टीडीएस समजून घ्या, कारण पुढं तुम्हालाही कुणीतरी हेच सांगणार आहे. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानं कापून घ्यायचा कर. जो भाडं देतो तोच त्यातून कापतो, सरकारकडं भरतो आणि उरलेली रक्कम तुम्हाला देतो. तुमच्या पॅनवर ती नोंद दिसते. ज्याला पैसे मिळायचेत त्यानं आधी खिशातून टीडीएस भरायचा, असा प्रकार आयकर कायद्यात कुठंच नाही. लॉटरी असो, विमा असो, जमिनीचं भाडं असो. करारनाम्याचंही तसंच. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात होतो, तुम्ही तिथं हजर असता, अंगठा देता, फोटो निघतो. मुद्रांक शुल्क सहसा भाड्यानं घेणारा भरतो. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा होत नाही.

फसवणूक झाली की सगळे एकच सल्ला देतात, "सरकार कधी पैसे मागत नाही, एवढं लक्षात ठेवा." मला हा सल्लाच घातक वाटतो, कारण तो खोटा आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला 10 टक्के हिस्सा भरावाच लागतो, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के. पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या पॅनेलचे पैसे आधी तुम्हीच पुरवठादाराला देता, किंवा बँकेचं कर्ज काढता. 3 किलोवॉटचं 78,000 रुपयांचं अनुदान तपासणी होऊन, नेट मीटर बसल्यावर तुमच्या खात्यात येतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात स्वतःचं भांडवल 10 टक्के, विशेष गटांना 5 टक्के घालावं लागतं आणि अनुदान बँकेमार्फत येतं. ज्यानं शेजाऱ्याला पंपाचा हिस्सा ऑनलाइन भरताना पाहिलंय, त्याला "सरकार पैसे मागत नाही" हे वाक्य कसं पटेल? तात्यांनी हेच मला ऐकवलं. "बाळूनं पंपाला भरले की. मग मला का नाही मागणार?"

म्हणून प्रश्न वेगळा विचारायला हवा. या योजनेत पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जातो, आणि कधी? जमीन भाडेपट्ट्यात भाड्याचा पैसा एकाच बाजूनं वाहतो, तुमच्याकडं. तुम्ही जमीन देणारे आहात. स्वतः प्रकल्प उभारायचा असेल, म्हणजे केंद्राच्या कुसुम या शेतकऱ्यांसाठीच्या सौर योजनेच्या 'अ' घटकात 500 किलोवॉट ते 2 मेगावॉटचा, तर अनामत आणि बँक हमी लागते. पण तो व्यवसाय झाला, त्याला मेगावॉटमागं कोटींच्या घरात भांडवल लागतं आणि ती अनामत कुणाच्या फोन-पेवर जात नाही. भामटे मुद्दाम या दोन गोष्टींची भेसळ करतात. जमीन देणाऱ्याकडून प्रकल्प उभारणाऱ्याची फी घेतात.

कुसुम योजना 2019 मध्ये आली आणि त्याच वर्षापासून केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला बनावट संकेतस्थळांबद्दल इशारे द्यावे लागले. पुढच्या वर्षांतही द्यावे लागले. त्या नावांत 'कुसुम', 'किसान', 'ऑनलाइन' हे शब्द वेगवेगळ्या क्रमानं लावलेले असतात. खरा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'नं संपतो. महावितरणचं संकेतस्थळ तसं संपत नाही, ही अडचण आहेच, पण त्यावर उपाय सोपा. तुमच्या उपकेंद्राच्या हद्दीतल्या महावितरणच्या कार्यालयात जा, अभियंत्याला विचारा की या उपकेंद्रावर सौर प्रकल्प मंजूर आहे का आणि कोणत्या विकासकाला मिळालाय. योजना 2.0 मध्ये विकासक निविदेतून ठरतो. त्याचं नाव त्यांच्याकडं असतं. तात्यांच्या घरापासून ते कार्यालय माळापेक्षाही जवळ आहे.

आणि हे सोलरपुरतंच नाही. जिथं नवा उद्योग आणि वर सरकारी मदत, तिथं हे लोक आधी पोचतात. माझ्या दुकानात येणाऱ्यांकडूनच ऐकलेलं सांगतो. ई-वाहनांच्या चार्जिंग स्टेशनचं 'सरकारी लायसन्स' विकणारे फिरतायत. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज कायद्याखाली परवानाच लागत नाही, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं हे 2018 मध्येच स्पष्ट केलंय. वीजजोडणी लागते, सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. जी गोष्ट लागतच नाही ती हे दीड-दोन लाखांना देतात! बायोगॅससाठी नेपियर गवताची 'सभासद नोंदणी' ही दुसरी तऱ्हा. गवत घेणारा प्रकल्प उभा आहे का, कुठं आहे, किती टन घेतो, हे न बघता बेण्याचे पैसे देऊ नका. उद्या ग्रीन हायड्रोजनची एजन्सी द्यायला कुणी आलं, तर मला नवल वाटणार नाही.

तक्रारीचं सांगतो. पाचवी मागणी 'विमा' म्हणून आली तेव्हा तात्यांनी माझ्याकडं उसने मागितले, आणि तेव्हा मला सगळं कळलं. दुकानातूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लावला. या क्रमांकावर तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेलेत त्या बँकेला सूचना जाते आणि तिथं जे काही शिल्लक असेल ते गोठवतात. 'शिल्लक असेल ते' हे महत्त्वाचं. ही खाती भाड्यानं घेतलेली असतात, पैसा आला की तासाभरात पुढं जातो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँकेचा वेगळा क्रमांक असतो तो), तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवूनच फोन करा, नाहीतर शोधाशोधीतच वेळ जातो. आधीच्या तिन्ही हप्त्यांतलं काही सापडलं नाही. शेवटच्या 77,272 मधली थोडी रक्कम दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात अडकली.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "सायबरला जा" असं झालं, नेहमीसारखं. ऑनलाइन तक्रारीची पोच दाखवल्यावर घेतलं. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ड. गोठलेली रक्कम बँक आपणहून देत नाही, त्यासाठी आम्ही न्यायालयात अर्ज केलाय. सातबारा आणि आधारच्या प्रती त्यांच्याकडं गेल्यात, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि तात्यांच्या नावावर नवं कर्ज उघडलंय का हे अधूनमधून बघतो.

एवढ्यावर ते थांबत नाहीत, हेही माहीत असू द्या. तक्रारीनंतर काही आठवड्यांनी तात्यांना फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे 1,20,322 रुपये वसूल झालेत." आकडा रुपयापर्यंत बरोबर. फसलेल्यांची यादी या फसवणाऱ्यांमध्येच फिरते, किंवा माणसंच तीच असतात. रक्कम सोडायला फाइल चार्ज 3,500.

तात्या त्याला म्हणाले, "मग साहेब, त्यातनंच 3,500 कापून घ्या आणि बाकीचे पाठवा."

फोन कट झाला. पुन्हा आला नाही.