बडोद्याच्या रावपुऱ्यात मिळणारा साम्राज्यवादाच्या संज्ञांचा पत्त्यांचा संच

स्पर्धा परीक्षेसाठी घेण्यासारखा, पण पेन हाताशी ठेवून. 'तैनाती फौज' सर्वांत नेटकी: फौज ईस्ट इंडिया कंपनीची, खर्च संस्थानाचा, पैसे थकले की मुलूख तोडून द्यायचा. उदाहरणाला बडोद्याच्या गायकवाडांचा १८०५चा तह. बडोदेकरांना आणखी काय हवं? 'रेसिडेंट' (संस्थानातला ब्रिटिशांचा प्रतिनिधी) या संज्ञेच्या कार्डावर १८७५ची मल्हारराव गायकवाडांची पदच्युतीही आहे.

घोळ 'खालसा धोरणा'त, म्हणजे औरस वारस नसलेलं संस्थान ताब्यात घेण्याच्या धोरणात. सातारा (१८४८) आणि अवध (१८५६) एकाच कारणाखाली कोंबलेत. साताऱ्याचं दत्तकविधान नामंजूर झालं, अवध 'गैरकारभारा'च्या सबबीवर गेलं. तेवढं खोडून लिहा. 'वसाहत' आणि 'संरक्षित राज्य' यांची व्याख्या जवळपास एकच. संरक्षित राज्यात गादी स्थानिक राजाचीच राहते, नेमकं हेच गाळलंय. आफ्रिकेच्या वाटणीची बर्लिन परिषद (१८८४-८५) ठीक. शाई मात्र घामेजल्या बोटांना लागते.