नवशिक्यांसाठीचा मधमाशीपालन संच: पेटी घेण्याजोगी, सोबतचे साहित्य पारखून घ्यावे

परसात मधमाश्या पाळण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी जे तयार संच मिळतात, त्यांपैकी एक मी पूर्ण हंगामभर वापरला. त्यात पिलाव्याची कोठी (अंडी-अळ्या वाढतात तो खालचा कप्पा), मधकोठी (मध साठतो तो वरचा कप्पा), तळपाट, झाकण, चौकटी, मेणपत्रे (पोळ्याच्या घरांचे ठसे असलेले मेणाचे पातळ पत्रे), राणीजाळी (राणीला मधकोठीत जाऊ न देणारी जाळी), स्मोकर (धूर सोडणारा भात्याचा डबा), बुरखा, हातमोजे, पटाशी (चौकटी सुट्या करण्याचे चपटे हत्यार) आणि एक माहितीपुस्तिका एवढ्या वस्तू येतात. माश्यांची वसाहत मात्र वेगळी मिळवावी लागते, आणि ती अनुभवी मधपाळाकडूनच घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या संचाची खरी किंमत त्याच्या सुतारकामात आहे. मधमाश्या साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. फट त्याहून अरुंद असेल तर त्या ती झाडांच्या चिकाने बुजवतात आणि रुंद असेल तर तिथे आडवेतिडवे पोळे बांधतात. लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये नेमक्या याच फटीचा उपयोग करून सुट्या चौकटींची पेटी तयार केली, आणि पोळे न मोडता ते बाहेर काढून पाहणे शक्य झाले. म्हणून पेटी हाती आल्यावर मी सर्वप्रथम पट्टी लावून चौकटीची बाजू आणि पेटीची भिंत यांतले अंतर मोजले. ते सगळीकडे ८ मिलिमीटरच्या आसपास भरले. कोपऱ्यांचे सांधे एकमेकांत घट्ट बसणारे आहेत आणि आतल्या बाजूला रंग दिलेला नाही, हेही योग्यच आहे. पुढे माश्या स्थिरावल्यावर प्रत्येक चौकट पटाशीच्या हलक्या रेट्याने सुटत असे. एकही चौकट भिंतीला जोडली गेली नाही.

खरेदीपूर्वी एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. हा संच युरोपीय मधमाशीच्या मापाचा आहे. सातेरी ही आपली देशी माशी अंगाने लहान असल्याने तिला लहान घरांचे मेणपत्रे आणि लहान पेटी लागते. विक्रेत्याच्या माहितीत याचा उल्लेख कुठेही नाही, आणि हे मला फार खटकले, कारण सातेरीची वसाहत मिळवून बसलेल्या नवशिक्याला हे मेणपत्रे उपयोगी पडणार नाहीत.

स्मोकरने निराशा केली. धुरामुळे माश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्याचा गंध झाकला जातो आणि त्या मध पिऊन घेण्याकडे वळतात. त्यामुळे पेटी शांतपणे तपासता येते. त्यासाठी धूर थंड, पांढरा आणि सलग यायला हवा. या संचातील डबा इतका लहान आहे की गोणपाटाचे तुकडे आणि सुके गवत ठासून भरले तरी तपासणी अर्ध्यावर असतानाच आग विझते, आणि भाता जोरात दाबला की गरम ठिणग्या बाहेर पडतात. डब्याभोवती हाताला चटका बसू नये म्हणून लावायची जाळीही नाही. मोठ्या डब्याचा स्मोकर वेगळा घेणे हाच उपाय आहे.

बुरखा चांगला आहे. त्याची जाळी काळी असल्याने समोरचे स्पष्ट दिसते, आणि ही बाब वाटते त्याहून महत्त्वाची आहे. चौकट काढून, सूर्य पाठीशी ठेवून घरांच्या तळाशी पाहिले की उभ्या ठेवलेल्या बारीक पांढऱ्या धाग्याच्या तुकड्यासारखे अंडे दिसते. अंडे तीन दिवसांत फुटते. म्हणजे अंडी दिसली तर राणी निदान तीन दिवसांपूर्वीपर्यंत पेटीत होती हे कळते आणि प्रत्येक तपासणीत तिला शोधत बसावे लागत नाही. पांढऱ्या जाळीतून ही अंडी दिसणे अवघड जाते. हातमोजे मात्र इतके जाड आहेत की चौकटीच्या कडेवर माशी चिरडली गेली तरी बोटांना जाणवत नाही, आणि चिरडलेल्या माशीच्या गंधाने बाकीच्या चवताळतात. पातळ रबरी मोजे अधिक बरे.

राणीजाळी पहिल्या काही महिन्यांत लागत नाही. नव्या वसाहतीला आधी पोळे बांधायचे असते, आणि फुलोरा कमी असेल तर त्यासाठी साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक द्यावा लागतो. पाक देण्याचे भांडे संचात नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे, म्हणजे पेटीखालच्या स्टँडचे, चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे आवश्यक आहे, पण घोडीही मिळत नाही.

माहितीपुस्तिकेत पेटीची जुळणी चित्रांसह नीट समजावली आहे. दंशाबद्दल मात्र तीत फक्त काटा खरवडून काढण्याचा सल्ला आहे. अंगभर गांध्या उठणे, घसा सुजणे किंवा श्वास लागणे अशी लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे, हे तीत ठळकपणे यायला हवे होते. व्हरोआ या परजीवी किडीचे तर नावही नाही. युरोपीय मधमाशीच्या वसाहती या किडीने खचतात, आणि तिचा अंदाज घ्यायला फार साहित्यही लागत नाही: सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेऊन, पिठीसाखर टाकून बरणी हलक्या हाताने घोळवायची आणि खाली पडलेल्या तांबूस किडी मोजायच्या. राणी त्या माश्यांत आलेली नाही, एवढी खात्री आधी करून घ्यावी.