हुमणीवर चोख, तणावर शून्य: लॉनसाठी घेतलेलं मेटारायझियम

औषध चांगलं आहे, पण दुकानदार सांगतात त्या सगळ्या कामांसाठी नाही. कृषी सेवा केंद्रात ‘लॉनसाठी सेंद्रिय काहीतरी द्या’ म्हटलं की मेटारायझियम नावाच्या बुरशीची किलोची पिशवी हातात ठेवतात आणि वर ‘तणाला पण चालतंय’ असं ठोकून देतात. तणाला ते अजिबात चालत नाही.

चालतं ते हुमणीला, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीला. शिरोळकडच्या ऊसवाल्यांना हुमणी काय चीज आहे ते सांगायला नको. कोल्हापूर शहरात मात्र लॉन पिवळं पडलं की लोक आधी पाणी वाढवतात, मग युरिया फेकतात. आमच्या दारापुढच्या दीड गुंठ्यात गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये चट्टे पडले आणि साळुंक्या नेमक्या तिथंच चोची मारायला लागल्या. कडेला धरून ओढलं तर हिरवळ गोधडीसारखी गुंडाळत वर आली. मुळं खाल्लेली. खाली तपकिरी डोक्याच्या, अर्धं वेटोळं करून पडलेल्या पांढऱ्या अळ्या.

भावाला फोटो पाठवला. त्याचा ऊसच आहे. ‘ताई, ह्या आता दांडग्या झाल्यात, वेचून काढ. औषध पुढच्या पावसाच्या तोंडाला टाक,’ म्हणाला. बरोबर होतं त्याचं. वळवाचे एकदोन पाऊस झाले की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. त्या अंड्यांतून निघालेली कोवळी अळी या बुरशीला लवकर बळी पडते. थोराड झाली की दाद देत नाही. त्यामुळे सप्टेंबरात पिशवी घेऊन ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांना माझ्याकडून सहानुभूती नाही.

मेटारायझियम ही जिवंत बुरशी आहे, विष नव्हे. तिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, तिथं रुजतात आणि आत शिरून अळीला पोखरतात. म्हणून घेताना दोन गोष्टी बघायच्या: उत्पादनाची तारीख आणि दुकानात पिशवी कुठं ठेवली होती ती जागा. पत्र्याखाली, उन्हाच्या झळीत ठेवलेला माल मेलेला असू शकतो. आमच्या दुकानदारानं आधी बाहेरच्या फळीवरची पिशवी काढली. मी आतली मागितली. तोंड वाकडं केलं, पण दिली.

भावाचा उसाला एकरी आठ किलोचा हिशेब, म्हणजे गुंठ्याला दोनशे ग्रॅम. मी तीनशे ग्रॅम पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात मिसळून, पाणी शिंपडून, ओल्या पोत्याखाली सावलीत आठवडाभर ठेवलं. शेणखत कच्चं असेल तर त्यातूनच हुमणी घरी येते, हे विसरू नका. मग पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी लॉनवर विस्कटलं आणि झारीनं पाणी दिलं. त्या काळात बुरशीनाशक बिलकुल नाही. गुलाबावर मारतानाही उडू द्यायचं नाही.

गुण सावकाश येतो. दोन दिवसांत मेलेल्या अळ्या बघायच्या असतील तर हे तुमच्यासाठी नाही. यंदा पावसाळा सरताना कडेची माती उकरली, तर दोन अळ्या खडूसारख्या कडक झालेल्या मिळाल्या, अंगावर गडद हिरवी पूड. बोटाला लागली. जिवंतही एखाददुसरी होतीच, पण चट्टे पडले नाहीत. आता हेही खरं की जूनमध्ये आम्ही गल्लीतल्या कडुनिंबाच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले होते. श्रेय कुणाला किती, सांगता येणार नाही.

तणाचं विचाराल तर आमचा खरा वैरी लव्हाळा. वर उपटला की पात तुटते आणि मातीतली गाठ नव्या जोमानं फुटते. शेजारच्या वहिनींनी ‘हर्बल तणनाशक’ म्हणून एक आंबट वासाची बाटली आणली होती. फवारलं तिथलं लॉन आणि लव्हाळा दोन्ही करपले. पंधरवड्यात लव्हाळा परत आला, लॉन नाही. व्हिनेगरच्या जातीचं काहीही वरची पानं जाळतं, गाठीपर्यंत पोचत नाही. पाऊस पडून माती सैल झाली की खुरपी तिरकी घालून गाठीसकट काढणे आणि मशीनचं पातं दोन इंचांवर ठेवणे, एवढंच मला लागू पडलंय. गवत दाट आणि थोडं उंच राहिलं की खाली ऊन पोचत नाही, आणि आंबुटी, दुधीसारखी बारीक तणं आपोआप कमी होतात. आमचे माळीमामा मात्र दर वेळी पातं खाली करतात आणि मी वर करते.

पिशवी दोन-अडीचशेत येते. दीड गुंठ्याला ती फार होते आणि उरलेली पुढच्या सालापर्यंत टिकत नाही, त्यामुळे दोन-तीन घरांत मिळून घ्या. पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो कंपनीनं पिशवीवर फक्त एकरी प्रमाण छापलंय म्हणून.