आर्ने नेस की मरे बुकचिन?

पर्यावरण वाचवायचं तर धुराड्यांना गाळण्या बसवून भागणार नाही, मुळालाच हात घालायला हवा, यावर या दोन विचारवंतांचं एकमत. बिनसलं ते मूळ कुठलं यावर.

नॉर्वेचे तत्त्वज्ञ नेस यांनी १९७३ मध्ये 'डीप इकॉलॉजी' मांडली. नदी, लांडगा, शेवाळ यांचं मोल माणसाच्या उपयोगावरून ठरत नाही, हा तिचा गाभा. १९७० मध्ये मार्दोला धबधब्यावरच्या वीजप्रकल्पाविरुद्ध ते ठिय्या देऊन बसले आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. नेस गांधींचे अभ्यासक. तेव्हा ही रीत आपल्याला ओळखीची वाटली तर नवल नाही.

बुकचिन न्यूयॉर्कचे, ओतशाळेत राबलेले. माणसाने आधी माणसावर हुकूमत गाजवली, निसर्गावर गाजवायची कल्पना त्यातून आली, असं त्यांची 'सोशल इकॉलॉजी' सांगते. 'मानवजात दोषी' म्हटलं की खाणमालक आणि खाणमजूर एकाच पिंजऱ्यात उभे राहतात. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. १९८७ मध्ये त्यांनी डीप इकॉलॉजीवर जाहीर तोफ डागली. डीप इकॉलॉजी मानणाऱ्या 'अर्थ फर्स्ट!' या जहाल पर्यावरणवादी गटाचे डेव्ह फोरमन इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांना मदत नको म्हणाले होते, तेव्हा राग रास्तच. (नेस यांच्या माथी ते मारणं मात्र अन्याय.)

तरी १९८९ मध्ये फोरमन आणि बुकचिन न्यूयॉर्कला समोरासमोर बसले, आणि बरंच जुळलं. बेलगाम वाढीला नकार, जीवसृष्टीच्या वैविध्याची कदर, सत्तेचं विकेंद्रीकरण हे दोन्हीकडे होतंच. धरणाखाली गाव जाणार असेल तर मी बुकचिन उघडेन. जिथे गावच नाही, नुसतं रान आहे, तिथे नेसच लागतात.