पेटी, मास्क आणि हवा: एंडोस्कोपी कक्षातील संरक्षक साधनांचे परीक्षण

जठराची दुर्बीण तपासणी (एंडोस्कोपी) करताना रुग्ण डाव्या कुशीवर झोपलेला असतो, त्याच्या दातांमध्ये तोंड उघडे ठेवणारा माउथपीस असतो आणि घशात बधिर करणाऱ्या झायलोकेनचा फवारा मारलेला असतो. डॉक्टरांची नजर बहुतेक वेळ पडद्यावर असते. रुग्णाच्या तोंडाला सर्वांत जवळ असते ती माउथपीस धरून ठेवणारी, लाळ सक्शनने ओढणारी आणि ‘लाळ गिळू नका, बाहेर येऊ द्या’ असे सांगत राहणारी सिस्टर. फवाऱ्याने ठसका लागतो, स्कोप, म्हणजे दुर्बिणीची लवचीक नळी, घशातून खाली जाताना उमाळे येतात, पोटात हवा भरली की ढेकर येतात आणि स्कोप बाहेर काढताना पुन्हा खोकला येतो. यातले सगळे तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर घडते. म्हणून हवेतून पसरणाऱ्या संसर्गापासून बचाव करणारे कोणतेही साधन मी तिच्या जागी उभे राहून तपासतो. विक्रेते मात्र जवळजवळ नेहमी डॉक्टरांच्या जागेवरून प्रात्यक्षिक दाखवतात.

हा विषय कोविडबरोबर संपला, असे समजण्याचे कारण नाही. जगातील क्षयरोगाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत, आणि ‘भूक लागत नाही, वजन घटले’ म्हणून जठराच्या तपासणीसाठी आलेल्या माणसाच्या फुप्फुसात काय चालले आहे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. अनेक लहान रुग्णालयांत ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेची दुर्बीण तपासणीही, त्याच खोलीत होते. तिथे तर प्रश्न आणखी गंभीर आहे.

आधी अ‍ॅक्रिलिकच्या पेटीबद्दल, कारण ती अजूनही अनेक युनिटांच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली दिसते आणि अधूनमधून कोणीतरी ती पुसून पुन्हा वापरायला काढते. तैवानमधील भूलतज्ज्ञ डॉ. लाय ह्सिएन-युंग यांनी २०२० मध्ये तिचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. मूळ कल्पना श्वासनलिकेत नळी घालतानाची होती: रुग्ण उताणा, डोक्यावर पारदर्शक पेटी, हात घालायला दोन भोके. त्यानंतर बोस्टनमधील डॉक्टरांनी पुतळ्याच्या तोंडात चमकणाऱ्या रंगाचा फुगा फोडून खोकल्याचा देखावा केला. पेटी असताना रंग आतच राहिला आणि ते चित्र जगभर फिरले. त्या चित्राने मोठे थेंब अडतात एवढेच सिद्ध झाले होते. डोळ्यांना न दिसणारे, हवेत तरंगत राहणारे कण पुढे ऑस्ट्रेलियातील प्रयोगांमध्ये यंत्राने मोजले गेले, तेव्हा खोकल्यानंतर हे कण हाताच्या भोकांतून नेमके काम करणाऱ्याच्या दिशेने बाहेर येतात आणि पेटी नसतानापेक्षा त्याला जास्त कण सोसावे लागू शकतात, असे आढळले. वेगळ्या एका सराव-प्रयोगात पेटीमुळे नळी घालायला जास्त वेळ लागला आणि भोकांच्या कडांना घासून गाऊन व हातमोजे फाटले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १ मे २०२० रोजी अशा पेट्यांना तातडीच्या वापराची सरसकट परवानगी दिली होती. हवा खेचून घेण्याची सोय नसलेल्या पेट्यांची ती परवानगी ऑगस्ट २०२० मध्ये मागे घेण्यात आली.

एंडोस्कोपीसाठी तर ही पेटी आणखी गैरसोयीची आहे. रुग्ण कुशीवर असल्यामुळे खांदा आत मावत नाही, स्कोप फिरवायला मनगटाला जागा राहत नाही, आणि सेडेशन (गुंगीचे औषध) दिलेल्या रुग्णाची जीभ मागे पडून ऑक्सिजन उतरू लागला की जबडा उचलण्याआधी पेटी उचलावी लागते. त्या क्षणी आत साठलेली सगळी हवा एकदम खोलीत येते. माझे मत स्पष्ट आहे: हवा खेचणारी, हेपा गाळणीला (हवेतले सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीला) जोडलेली नळी नसेल, तर ही पेटी वापरू नये. ती नळी असली तरी एंडोस्कोपीसाठी मी ती घेणार नाही.

त्या मानाने एंडोस्कोपी मास्क हे साधे आणि उपयोगी साधन आहे. रुग्णाच्या नाकातोंडावर बसणारा हा पारदर्शक मास्क असतो. मधल्या लवचीक पडद्याला चीर असते आणि तिच्यातून स्कोप आत जातो. बहुतेक नमुन्यांत ऑक्सिजनची नळी जोडता येते, काहींत श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठी वेगळे तोंडही असते. सेडेशन देऊन तपासणी करणाऱ्या ठिकाणी या दुसऱ्या सोयीसाठीच तो घेण्यासारखा आहे. खोकल्याचा थेट झोत आणि थेंब तो चांगले अडवतो. कडांमधून निसटणारे सूक्ष्म कण मात्र अडवत नाही आणि तसा दावा करणाऱ्या पत्रकावर विश्वास ठेवू नये. घेण्यापूर्वी दोन गोष्टी हाताने तपासाव्यात. तुमच्या युनिटमधला माउथपीस त्याच्या आत नीट बसतो का? आणि मास्क चेहऱ्यावर असताना सक्शनची नळी गालाच्या पोकळीपर्यंत पोहोचते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर उलटी झाल्यावर सिस्टर मास्क ओढून काढणार आणि मास्कचा सगळा फायदा तिथेच संपणार. बजेट नसेल, तर साध्या सर्जिकल मास्कला चीर पाडून तो रुग्णाला बांधण्याची पद्धतही थेंबांपुरती वाईट नाही.

आता कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मास्कबद्दल. एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण गाळणारा मास्क. आयएस ९४७३ या भारतीय मानकातील एफएफपी२ वर्गासाठी ही मर्यादा ९४ टक्के आहे. हे आकडे कापडाचे आहेत, चेहऱ्याचे नाहीत. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहिली, तर हवा गाळणीतून न जाता तिथूनच आत शिरते. कानामागे नाड्या अडकवायचे मास्क स्वस्त आणि घालायला सोपे असतात, पण डोक्यामागून दोन पट्टे घेणाऱ्या मास्कइतके घट्ट ते क्वचितच बसतात. झडप असलेला मास्क या खोलीत नको, कारण घालणाऱ्याचा उच्छ्वास न गाळता रुग्णावर जातो.

कोणता मास्क घ्यावा, या प्रश्नाचे खरे उत्तर फिट टेस्टच्या, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का हे तपासण्याच्या, किटमध्ये आहे, आणि या सगळ्या परीक्षणात मी सर्वांत जास्त गुण या किटलाच देतो. डोक्यावर टोपडे चढवून आत सॅकरिनचा किंवा कडू द्रावाचा सूक्ष्म फवारा सोडतात. प्रथम मास्कशिवाय, फार पातळ द्राव वापरून, त्या व्यक्तीला चव कळते का ते पाहतात. मग मास्क घालून तीव्र द्राव फवारतात आणि साधा श्वास, खोल श्वास, मान डावीउजवीकडे, मान वरखाली, मोठ्याने वाचन, कमरेत वाकणे अशा हालचाली करायला लावतात. चव लागली की मास्क नापास. आमच्या युनिटमध्ये हे केले तेव्हा सर्वांना एकच मास्क देण्याची खरेदी विभागाची सवय मोडावी लागली, कारण लहान चेहऱ्याच्या सिस्टर त्या ठरावीक मापात वाकताक्षणी ‘गोड लागतंय’ म्हणू लागल्या. रुग्णावर वाकणे हेच त्यांचे काम. दाढी राखणाऱ्या सहकाऱ्यांची तर चाचणी घेण्यातच अर्थ नसतो. त्यांना दाढी काढावी लागते किंवा पंख्याने गाळलेली हवा पुरवणारे सैल टोपडे वापरावे लागते. किटची किंमत सगळ्या विभागांत वाटून घेता येते. एकच अट आहे: चाचणीआधी पंधरा मिनिटे चहा बंद. आमच्याकडे सर्वांत जास्त विरोध याच अटीला झाला.

राहिली खोलीची हवा. स्प्लिट एसी तीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची हवा आत आणत नाही, हे लक्षात घेऊन हेपा गाळणीचे फिरते यंत्र घेण्याकडे कल वाढला आहे. कल योग्य आहे, हिशेब चुकतो. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर तिच्यात ६० घनमीटर हवा असते. तासाला १२ वेळा तेवढी हवा शुद्ध व्हायची, तर ताशी ७२० घनमीटर शुद्ध हवा देणारे यंत्र लागते. ताशी ३६० घनमीटरचे यंत्र निम्मेच काम करते. याचा परिणाम रुग्णांच्या यादीवर होतो. खोकला थांबल्यानंतर हवेतील ९९ टक्के कण निघून जायला तासाला १२ वेळांच्या वेगाने २३ मिनिटे लागतात, ६ वेळांच्या वेगाने ४६. हा हिशेबही खोलीतली हवा सगळीकडे सारखी मिसळते असे धरून केलेला आहे. कोपऱ्यातल्या ट्रॉलीमागे कोंबलेल्या यंत्राला तो लागू होत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. पत्रकावरचा शुद्ध हवेचा आकडा सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या वेगाला पल्स ऑक्सिमीटरचा टणत्कार ऐकू येईनासा होतो. मग भूलतज्ज्ञ यंत्र मधल्या वेगावर आणतात आणि आपण विकत घेतलेल्या क्षमतेचा मोठा भाग बंद पडतो. त्यामुळे एक मोठे यंत्र पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा दोन यंत्रे मध्यम वेगाने चालवणे मला जास्त पटते. यंत्राचे हवा ओढणारे तोंड रुग्णाच्या डोक्याकडे असावे आणि बाहेर पडणारा झोत सिस्टरच्या पाठीमागून रुग्णाकडे यावा. याच्या उलट मांडणी केल्यास रुग्णाचा खोकला आपणच तिच्या चेहऱ्यावर ढकलत असतो.

बाहेर हवा फेकणारा पंखा असेल, तर तो काढून टाकू नये. दार बंद करून खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरावी. ती आत ओढली जात असेल, तर खोलीचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी आहे. ती बाहेर फडफडत असेल, तर खोलीतली हवा प्रतीक्षा कक्षात जात आहे. माणसे असताना उघडे अतिनील दिवे लावणारी यंत्रे आणि ओझोन सोडणारी यंत्रे यांवर मी जागा खर्च करत नाही. ती घेऊ नयेत.

खरेदीचा क्रम ठरवायचा झाला, तर माझा क्रम असा: फिट टेस्टचे किट आणि त्यानुसार दोन-तीन मापांचे मास्क, मग हेपा यंत्रे, मग एंडोस्कोपी मास्क. यंत्राच्या विक्रेत्याकडून मधल्या वेगाला ताशी किती घनमीटर शुद्ध हवा मिळते आणि त्या वेगाला आवाज किती डेसिबल असतो, हे दोन आकडे दरपत्रकावरच लिहून घ्यावेत, आणि गाळणी बदलण्याचा खर्च पहिल्याच वर्षाच्या मागणीत धरावा.